अकारविल्हे आणि गोतावळा

कोश उघडणारा मनुष्य आणि कोश रचणारा मनुष्य यांचे पुरते कधीच पटलेले नाही. उघडणाऱ्याला घाई असते. त्याला 'कापूस' हवा असतो, आणि तो 'का'च्या पानावर चटकन सापडावा, एवढीच त्याची मागणी. रचणाऱ्याला मात्र ठाऊक असते की कापसाच्या मागे वऱ्हाडची काळी जमीन आहे, पुढे परळची गिरणी आहे, एका अंगाला १८६१ साली पेटलेले अमेरिकेतले यादवी युद्ध आहे आणि दुसऱ्या अंगाला त्या युद्धाच्या जोरावर रातोरात श्रीमंत झालेले व १८६५ साली तितक्याच लवकर बुडालेले मुंबईचे शेअरवाले आहेत. आता जमीन गेली 'ज'मध्ये, गिरणी गेली 'ग'मध्ये, अमेरिका पहिल्याच खंडात आणि मुंबई पार पलीकडे. एका घरातली माणसे वर्णमालेने गावभर बिऱ्हाडाला ठेवली!

हे जुने दुखणे आज पुन्हा आठवण्याचे कारण असे की, हल्ली संकेतस्थळांसाठी लेख लिहिणारी तरुण मंडळी कामाला बसण्यापूर्वी एक कोरा कागद घेतात आणि त्याच्या मधोमध एक वर्तुळ काढतात. वर्तुळात मुख्य विषय. त्यातून फांद्या फुटतात, फांद्यांना डहाळ्या. या आकृतीला ते 'माइंड मॅप' म्हणतात. आपण मनोनकाशा म्हणू. टोनी बुझान नावाच्या इंग्रज गृहस्थाने १९७४ साली बी. बी. सी.च्या दूरचित्रवाणीवरून तिचा मोठा प्रसार केला. नकाशा तयार झाला की मधल्या वर्तुळावर एक ऐसपैस लेख लिहायचा. त्याला मी खोडलेख म्हणतो. प्रत्येक फांदीवर एकेक स्वतंत्र लेख, आणि फांदीवरून खोडाकडे व खोडावरून फांदीकडे जाण्याची वाट ठेवायची. शेजारच्या दोन फांद्यांचे नाते असेल तर त्यांच्यातही पायवाट पाडायची. एकाच प्रश्नाचे उत्तर देणारे दोन लेख लिहायचे नाहीत, आणि ज्याच्याकडे कुठूनच वाट येत नाही असे अनाथ पान ठेवायचे नाही. अशा लेखसमूहाला त्यांच्या धंद्यात 'टॉपिक क्लस्टर' असे नाव आहे. मला 'गोतावळा' हा शब्द अधिक जवळचा वाटतो.

ही युक्ती संगणकाबरोबर जन्मली असे ज्यांना वाटते त्यांनी अमरकोश उघडून पाहावा.

अमरसिंहाने शब्द वर्णानुक्रमाने लावले नाहीत, वर्गांनी लावले. स्वर्गवर्ग, दिग्वर्ग, कालवर्ग, वारिवर्ग, भूमिवर्ग, पुरवर्ग, शैलवर्ग, वनौषधिवर्ग. आकाशातून निघून पाताळापर्यंत उतरायचे, मग पुन्हा भूमीवर येऊन नगर, डोंगर, झाडपाला, पशू आणि माणूस असे चालत जायचे. पाठशाळेतला विद्यार्थी हे सारे तोंडपाठ करी, त्यामुळे पान शोधण्याचा प्रश्नच नव्हता. जे मनात साठवायचे ते नात्यानेच साठवावे लागते; कुणाही आजीला भावकीतली नावे वर्णानुक्रमाने सांगा म्हटले तर ती आपल्याकडे पाहतच राहील. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराने 'मानसोल्लास' रचला तोही पाच विंशतींत, प्रत्येकी वीस अध्यायांचा, म्हणजे शंभर अध्यायांचा आराखडा आधी आणि मजकूर मागून. शिवछत्रपतींच्या आज्ञेने राज्यव्यवहारकोश झाला. फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा तो कोश. त्याचेही दहा वर्ग आहेत: राजवर्ग, कार्यस्थानवर्ग, भोग्यवर्ग, शस्त्रवर्ग, दुर्गवर्ग, लेखनवर्ग, पण्यवर्ग वगैरे. किल्ल्यावरच्या कारकुनाला दुर्गवर्ग एका ठिकाणी मिळाला म्हणजे त्याचे काम झाले.

अकारविल्हे रचनेची सत्ता खऱ्या अर्थाने बसली ती छापखान्याबरोबर. छापील ग्रंथ पाठ करायचा नसतो, उलगडायचा असतो. आणि उलगडणाऱ्याला वर्णमालेसारखा निःपक्षपाती द्वारपाल दुसरा नाही. तरीही पाश्चात्त्य कोशकारांना तिच्या हाती सारा कारभार सोपवणे जड गेले. पृथ्वीचे गोल करणाऱ्या कारागिराकडे उमेदवारी केलेल्या एफ्रेम चेंबर्सने १७२८ साली लंडनात आपला कोश काढला, तेव्हा प्रस्तावनेतच त्याने सर्व विद्यांचा एक वंशवृक्ष छापला आणि कोणता लेख कोणत्या शाखेत मोडतो ते दाखविले. त्याच कोशाचे भाषांतर करण्याच्या निमित्ताने दिदरो आणि दालाँबेर पॅरिसमध्ये कामाला लागले व त्यातून १७५१ पासून फ्रेंच विश्वकोश अवतरला. त्यांच्या वृक्षाला तीन मोठ्या फांद्या होत्या: स्मृतीतून इतिहास, बुद्धीतून तत्त्वज्ञान, कल्पनेतून काव्य. ही वाटणी त्यांनी बेकनकडून घेतली होती. लेखातून लेखाकडे जाण्याच्या खुणाही त्यांनी पेरल्या, आणि त्यांतल्या काही फार खट्याळ आहेत. नरमांसभक्षकांवरील नोंदीच्या शेवटी वाचकाला ख्रिस्तप्रसादाच्या नोंदीकडे पाठविले आहे! जे लिहिण्याची सोय नव्हती ते त्यांनी दोन नोंदींच्या मधल्या वाटेवर ठेवून दिले. सरकारने १७५९ साली त्या ग्रंथाचा परवाना काढून घेतला.

दालाँबेरची एक गोष्ट मात्र मनात धरून ठेवण्यासारखी आहे. ज्ञानाचा वृक्ष हा जगाच्या नकाशासारखा आहे, असे तो म्हणतो. पाहणारा जिथे उभा राहील तसा नकाशा बदलेल, आणि असे नकाशे कितीही काढता येतील. म्हणजे मधल्या वर्तुळात काय लिहावे हा हिशेबाचा प्रश्न नसून पक्ष घेण्याचा प्रश्न आहे.

हा पक्ष मराठीत उघडपणे घेतला तो डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी. १८८४ साली रायपूरला जन्मलेला हा मनुष्य अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातून डॉक्टर होऊन १९१२ साली परत आला आणि पुढे मराठीत ज्ञानकोश करायला निघाला. त्यासाठी नागपुरास मंडळ उभारले, भागभांडवल जमवले, वर्गणीदार मिळवायला गावोगाव पायपीट केली. पुढे बिऱ्हाड पुण्याला हलविले. १९२० साली महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचा पहिला खंड निघाला. वर्गणीदाराने तो उघडला असेल तेव्हा त्याला 'अ' काही भेटला नाही. खंडाचे नाव होते 'हिंदुस्थान आणि जग'. दुसरा खंड 'वेदविद्या'. तिसरा 'बुद्धपूर्व जग', चौथा 'बुद्धोत्तर जग', पाचवा 'विज्ञानेतिहास'. पाच खंड नुसती प्रस्तावना! 'अ'ची गाठ पडायला सहावा खंड यावा लागला. मग सोळा खंड वर्णानुक्रमाचे, आणि त्यांच्यामागून सूचीचा स्वतंत्र खंड.

व्यापाराच्या दृष्टीने हा वेडेपणा होता. पैसे भरलेल्या माणसाला तो मागतो ते आधी द्यावे, आपल्याला वाटते ते नंतर, हे दुकानदारीचे पहिले सूत्र. पण केतकरांची अडचण मला समजते. इंग्रजी कोशाच्या नोंदी मराठीत उतरवून 'अ' ते 'ज्ञ' लावल्या असत्या तर कोश झाला असता. पण त्याच्या मधल्या वर्तुळात लंडन राहिले असते. महाराष्ट्रातला वाचक जगाकडे कुठून पाहतो, ते ठिकाण आधी पक्के करायचे, मगच सुट्या नोंदींचे बाजारहाट मांडायचे, असा तो डाव होता. आजच्या भाषेत बोलायचे तर त्यांनी पाच खोडलेख आधी लिहिले आणि हजारो फांद्या मागून. १९२७ पर्यंत त्यांनी काम तडीस नेले, आणि त्याच साली 'माझे बारा वर्षांचे काम' या नावाने त्याची हकीकतही छापली. ज्याला कुणाला मोठ्या लेखनाचा आराखडा करायचा असेल त्याने त्या हकीकतीच्या वाटेला जरूर जावे. विद्वत्तेइतकेच तिथे वर्गणी, कागद आणि छपाई यांचे रामायण आहे.

केतकरांनी कादंबऱ्याही लिहिल्या. 'ब्राह्मणकन्या' १९३० सालची. त्यांच्या पात्रांच्या संभाषणात मध्येच एखादी ज्ञानकोशातली नोंद शिरून बसते, अशी तक्रार रसिक करीत आले आहेत. मीही कादंबऱ्या लिहितो, म्हणून सांगतो: तक्रार खरी आहे, पण ज्याने तेवीस खंडांची भावकी डोक्यात वागवली त्याला एखाद्या पात्राला एकट्याने बोलू देणे कठीणच.

ज्ञानकोशाच्या शाळेत तयार झालेल्या दाते आणि कर्वे यांनी पुढे शब्दकोशाचे व सुलभ विश्वकोशाचे काम केले. महादेवशास्त्री जोशींनी भारतीय संस्कृतिकोश दहा खंडांत पुरा केला. त्या साऱ्यांची कथा निराळी. आपल्या विषयाला लागू ती वाईची. महाराष्ट्र राज्य झाल्यावर १९६० साली साहित्य संस्कृती मंडळ स्थापन झाले, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी त्याचे अध्यक्ष झाले, आणि कृष्णाकाठच्या वाईत मराठी विश्वकोशाचा संसार मांडला गेला. तिथली पद्धत फार शहाणपणाची होती. आधी विषयवार याद्या करायच्या: वनस्पतिशास्त्राच्या निराळ्या, अर्थशास्त्राच्या निराळ्या. कोणती नोंद मोठी, कोणती मध्यम, कोणती चार ओळींची, हे विषयाच्या अंगाने ठरवायचे. मग त्या साऱ्या याद्या एकमेकींत मिसळून वर्णानुक्रमाला लावायच्या. म्हणजे स्वयंपाक गोतावळ्याने आणि पंगत अकारविल्हे! तयार खंडांच्या आधी १९७३ साली परिभाषासंग्रह निघाला आणि अकारविल्हे पहिला खंड १९७६ साली. कारण नोंदी लिहिणाऱ्या शेकडो हातांना एकच शब्द एकाच अर्थाने वापरायला लावणे हेही आराखड्याचेच अंग आहे.

विश्वकोशाचे छापील पान ज्याने पाहिले असेल त्याला मजकुरात मधूनच येणारा बाण आठवेल. त्या बाणापुढच्या शब्दावर स्वतंत्र नोंद आहे, असा त्याचा अर्थ. नोंदीच्या शेवटी 'पहा' म्हणून आणखी नावे. वर्णमालेने पांगवलेल्या नातेवाइकांना धाडलेली ती आमंत्रणेच. संगणकाच्या पडद्यावर आज ज्या शब्दावर बोट ठेवताच दुसरे पान उघडते, त्याचे हे वाईकर पूर्वज. विश्वकोश संकेतस्थळावर आल्यावर तर जुनी विषयवारी उघडपणे परत आली: एकेका विषयाचे ज्ञानमंडळ, विद्यापीठे व संस्था यांच्या साहाय्याने चालणारे, आपापल्या विषयाच्या नोंदी नव्याने लिहिणारे. २००३ साली सुरू झालेल्या मराठी विकिपीडियावर लेखांच्या गटाला जे नाव आहे ते तर थेट अमरसिंहाचे: 'वर्ग'.

आता हे सारे आमच्या उपनगरांच्या अंगणात आणतो, कारण अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड यांना वर्णमालेचा आणि सरकारी हद्दींचा दुहेरी मार बसला आहे. माझे विद्यार्थी आठवी-नववीत येईपर्यंत असे मानतात की इतिहास रायगडावर घडला, फार तर फोर्टात. आपल्या स्टेशनाला फक्त लोकलचे वेळापत्रक आहे. त्यांचा दोष नाही. १८८२ साली कॅम्बेलसाहेबाने ठाणे जिल्ह्याचे गॅझेटिअर काढले तेव्हा साष्टी बेट ठाण्यात होते, म्हणून आमची सारी गावे त्या खंडांत. १९०९-१० साली मुंबईचे तीन खंड निघाले ते शहराचे आणि मुंबई बेटाचे. साष्टी त्यात नाही. १९२० साली उपनगर जिल्हा झाला, १९५० आणि १९५७ साली मुंबईची हद्द वाढत वाढत दहिसर-मुलुंडपर्यंत पोचली, १९९० साली उपनगर जिल्हा पुन्हा निराळा झाला. १९८० च्या दशकात बृहन्मुंबईचे गॅझेटिअर निघेपर्यंत माणसे मुंबईकर झाली होती आणि त्यांची गावे ठाण्याच्या पुस्तकात राहिली होती.

त्या ठाण्याच्या पुस्तकातही स्थळे रोमन वर्णानुक्रमाने. बोरिवली 'बी'खाली, कान्हेरी 'के'खाली, मंडपेश्वर 'एम'खाली. व्यापार एका भागात, इतिहास दुसऱ्या भागात, स्थळवर्णन तिसऱ्या पुस्तकात. सगळे आहे, आणि एकमेकांशी बोलत काहीच नाही. कान्हेरीच्या शिलालेखांत दान देणारे व्यापारी, सोनार, भिक्षुणी आहेत, आणि त्यांतले कितीतरी कल्याण, सोपारा, चौल इथले. म्हणजे कान्हेरी हा बंदरांच्या साखळीचा डोंगरातला दुवा. हे कळायला तीन पुस्तके मांडीवर हवीत. १००९ आणि १०२१ साली येऊन गेलेल्या जरथुश्त्री पाहुण्यांनी पहलवी लिपीत आपली नावे त्याच डोंगरात कोरली आहेत. नवव्या शतकातल्या राष्ट्रकूट अमोघवर्षाच्या राज्यातले लेख तिथेच. सोळाव्या शतकात फ्रान्सिस्कन पाद्री आले आणि मंडपेश्वरच्या लेण्याला त्यांनी चर्चचे रूप दिले. १७३७ साली मराठ्यांनी साष्टी घेतली, १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी. साष्टीच्या गावांची जुनी माहिती ज्या महिकावतीच्या बखरीत आहे, ती राजवाड्यांनी १९२४ साली छापली. एवढा ऐवज घरात आणि मूल म्हणते, आपल्या बोरिवलीला काही नाही!

आमच्या काही माजी विद्यार्थ्यांनी गेल्या वर्षी साष्टीवर एक संकेतस्थळ करायचे ठरविले आणि चाळीस मथळ्यांची यादी माझ्याकडे आणली. अंधेरी, आरे, कान्हेरी, कोंडिवटे, घाटकोपर, जोगेश्वरी अशी ती चालली होती. मी त्यांना वर्गातल्या फळ्यापुढे उभे केले आणि मधोमध वर्तुळ काढायला लावले. वर्तुळात काय लिहावे यावर पाऊण तास गेला. कुणी 'लोकल' म्हणाले. १६ एप्रिल १८५३ रोजी पहिली गाडी घाटकोपर-मुलुंडच्या शिवारातूनच ठाण्याला गेली, तेव्हा सूचना काही वाईट नव्हती. पण रूळ मध्ये घातले की नकाशा दुभंगतो: पश्चिमेचा फाटा निराळा, मध्यचा निराळा, बोरिवलीकर आणि मुलुंडकर यांची गाठ पडायची ती दादरला. शेवटी एका मुलीने 'डोंगर' लिहिले. ती मुलुंडची. तिच्या खिडकीतून दिसतो त्याच डोंगराच्या पलीकडच्या उतारावर बोरिवली आहे, हे फळ्यावर पाहून दोन्हीकडची पोरे हसली.

डोंगर मध्ये येताच पाण्याची फांदी आपोआप फुटली. भिक्षूंनी कान्हेरीत लेण्यालेण्याशी टाकी खोदली, पाटांनी पावसाचे पाणी त्यांत वळवले. त्याच डोंगराच्या पाण्यावर इंग्रजांनी १८६० साली विहारचा तलाव पुरा केला आणि १८७९ साली तुळशीचा, तेही तहानलेल्या मुंबई शहरासाठी. दोन मथळे जे यादीत 'क' आणि 'व' म्हणून एकमेकांपासून कोसभर लांब होते, ते फळ्यावर एका डहाळीवर आले. लेण्यांच्या फांदीवर कोंडिवट्याची गोल चैत्यरचना, जोगेश्वरीचे शैव लेणे आणि मंडपेश्वर अशी तीन भावंडे बसली. चाळीस मथळ्यांचे सव्वीस झाले, कारण चौदा मथळे एकाच गोष्टीची निराळी नावे होती. आणि पाच नवे निघाले, जे यादीत कुणाला सुचलेच नव्हते.

या पद्धतीचा गोडवा गाताना तिचा धोकाही सांगायला हवा. वर्तुळ काढणाऱ्याला जे ठाऊक नाही त्याला फांदी फुटत नाही. वर्णमाला आंधळी असेल, पण ती कुणाला गाळत नाही. 'व' आला की वारली आणि विहार दोघांनाही जागा देते. मनोनकाशात मात्र खोडाशी ज्याचे नाते काढणाऱ्याला दिसले नाही तो बाहेरच राहतो, आणि आकृती इतकी देखणी दिसते की तो बाहेर राहिल्याचे कळतही नाही. शियाळी रंगनाथन यांना ग्रंथालयात हाच प्रश्न पडला होता. एक ग्रंथ, एकच फळी. मग कान्हेरीचे पुस्तक धर्मात ठेवावे, शिल्पात की भूगोलात? १९३३ सालच्या त्यांच्या द्विबिंदू वर्गीकरणाने विषयाचे पैलू सुटे करून पुन्हा जोडण्याची तोड काढली. संकेतस्थळावर एका लेखाला दहा घरांतून वाट ठेवता येते, हे आजच्या पोरांचे भाग्य. त्यांनी ते वापरावे.

आमच्या फळ्यावर ती गाळलेली जागा फार उशिरा दिसली. डोंगरात पाणी झाले, लेणी झाली, पाद्री झाले, तलाव झाले; डोंगरात राहणारी माणसे कुठे आहेत, असे मागच्या बाकावरून कुणीतरी विचारले. राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत आदिवासींचे पाडे आहेत, त्यांतली मुले आमच्या भागातल्या शाळांतून शिकतात, आणि तरी सव्वीस मथळ्यांत त्यांचा एकही नव्हता. वर्तुळातून एक रेघ ओढून पुढे 'पाडे' एवढाच शब्द लिहिला. त्याखाली काय लिहायचे ते कॅम्बेलच्या पुस्तकात मिळण्यासारखे नाही, केतकरांच्या तेवीस खंडांतही नाही. सव्वीसांपैकी अकरा लेख लिहून झाले आहेत. ही फांदी तशीच आहे. दिवाळीच्या सुटीत दोघे जण पाड्यावर जाणार आहेत. त्यांतल्या एकाची आजी तिथेच राहते.